जुना कॅमेरा, नवे दागिने

नव्या वस्तूवर उधळलेला पैसा घरात सहज खपून जातो. जुन्या वस्तूवर घातलेल्या रुपयाला मात्र जागोजागी जबानी द्यावी लागते. आमच्या दारात अधूनमधून कुरिअरचा मुलगा एक चिमुकलं खोकं घेऊन उभा राहतो. खोक्यावर कधी शेन्झेनचा पत्ता असतो, कधी मुंबईच्या फोर्टातला. आत एखादी बॅटरी, एखादी पितळी कडी, नाहीतर दोन टोकांना दोन वेगळी तोंडं असलेली वायर. हे सगळं एका व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी येतं. कॅमेरा पंचविशी ओलांडलेला आहे, टेपवर चालतो आणि उद्या विकायला काढला तर आलेल्या पैशांत त्याची स्वतःची बॅटरी तरी येईल की नाही, शंकाच आहे. सोन्याचा भाव न विचारता थकलेल्या आजीला गोठ-पाटल्या करून घालाव्यात, तसा हा प्रकार. आजी संकोचते, सोनार हसतो आणि सुना एकमेकींकडे बघतात. आमच्या घरात सुनेचं काम सध्या माझी मुलगी करते. नवं खोकं आलं की ती खिशातला फोन काढून टेबलावर ठेवते आणि काही न बोलता निघून जाते.

कॅमेरा मूळचा माझा नव्हे, आत्याचा. आत्या मस्कतला एका रुग्णालयात परिचारिका होती. गल्फमधून सुट्टीला येणाऱ्या माणसाकडून त्या काळी टँगची भुकटी, निडोचा डबा आणि नाक चुरचुरवणारं अत्तर एवढंच अपेक्षित असे. १९९९ च्या मे महिन्यात आत्या आली ती मात्र दोन साड्यांच्या घडीत सोनीचा टीआरव्ही ९०० गुंडाळून. बाजारात येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. चित्र टिपणाऱ्या एका सीसीडीऐवजी त्यात तीन होते, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची खबर ठेवायला एकेक स्वतंत्र, आणि तरीही सगळा ऐवज एका हातात मावत होता. कोल्हापुरातल्या लग्नांत तेव्हा शूटिंगवाल्याच्या खांद्यावर पॅनासॉनिकचा एम नाइन थाउजंड असे, अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा. सोबत सनगनचा दिवा उंच धरलेला एक पोरगा आणि त्याच्या मागं मांडवभर फिरणारी वायर. सनगन आपल्याकडं वळला की वऱ्हाडातली भलीभली माणसं जेवणाचा घास हातात धरून पुतळ्यासारखी थिजत. त्या मानानं आत्याचं यंत्र फारच मुकाट होतं. आमच्या गल्लीतल्या शूटिंगवाल्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात कॅसेट बसती कुठं?"

आत्यानं ती त्याला बसवून दाखवली. ते बसवणं अजूनही तसंच आहे आणि आजही कुणी पाहुणा आला की मी तेवढा खेळ करून दाखवतो. बटण सरकवलं की आधी बाहेरचं झाकण सुटतं. मग आतून एक बारीक गुंजन येतं, कॅसेटचा पिंजरा आपल्या मनानं वर उचलला जातो, कोन बदलतो आणि थांबतो. काड्यापेटीहून थोडी मोठी कॅसेट त्यात सरकवायची. पिंजऱ्याच्या पत्र्यावर एका ठिकाणी 'पुश' असं लिहिलेलं आहे. दाबायचं ते तिथंच, बोटाच्या एका पेरानं. दाबलं की पिंजरा लगेच जात नाही. क्षणभर विचार करतो, मग हळूहळू खाली उतरतो आणि आत काहीतरी गुंडाळल्याचा, ताणल्याचा, जागेवर बसल्याचा आवाज येतो. घाई करून झाकण आधीच लोटलं तर सगळंच अडतं. टच स्क्रीनवर वाढलेल्या माणसाला हा उशीर सहन होत नाही. मला तो आवडतो. यंत्र काहीतरी करतंय याची त्यात खात्री असते.

आणि ते खरोखरच पुष्कळ काही करत असतं. या कॅसेटीतली मिनीडीव्हीची टेप असते सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास रुंद. ती एका तिरक्या बसवलेल्या दंडगोलाला वळसा घालून जाते आणि तो दंडगोल मिनिटाला ९००० फेरे घेतो. त्याच्या अंगावरची हेडं टेपवर तिरप्या रेघा ओढत जातात. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत दर सेकंदाला पंचवीस चित्रं आणि एका चित्राला बारा रेघा, म्हणजे सेकंदाला तीनशे. एकेक रेघ १० मायक्रॉन रुंद. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा सहासात तरी सहज मावतील. मी जेव्हा पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्या चुलतभावाच्या मुंजीतल्या भिक्षावळीच्या लाडवांसाठी कुणीतरी एवढी बारीक नक्षी काढून ठेवली आहे, याचा मला संकोच वाटला.

आत्यानं तर ती नक्षी आणखी बारीक केली होती. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर तिच्यावर साठच मिनिटं घ्यायची हा उधळेपणा तिच्या स्वभावात बसेना. मेनूत 'एलपी' नावाची सोय होती. ती निवडली की टेप सावकाश चालते, रेघा आणखी एकमेकींना खेटतात आणि साठची कॅसेट नव्वद मिनिटं पुरते. हा शोध लागल्यावर आत्यानं आयुष्यात नेहमीच्या वेगावर, म्हणजे एसपीवर, काही घेतलं नाही. या काटकसरीची मेख पुढं कळते. एलपीवर घेतलेली टेप दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट चालेलच असं नाही. रेघा इतक्या अरुंद की दुसऱ्या यंत्राचं हेड केसाच्या अंशानं जरी सरकलेलं असलं तरी चित्राच्या चौकटी चौकटी होतात आणि आवाज तुटतो. ज्या कॅमेऱ्यानं लिहिलं, त्यानंच वाचावं. आत्यानं प्रत्येक कॅसेटमागं अर्धा तास वाचवला आणि त्या बदल्यात हा एकच कॅमेरा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत वाचू शकणारा शेवटचा जाणकार होऊन बसला. त्याला खोकी यायला लागली त्याचं खरं कारण हे आहे. मुलीला ते पटत नाही, पण तिनं अजून एलपीवरची टेप परक्या कॅमेऱ्यात घालून पाहिलेली नाही.

पहिला दागिना अर्थातच बॅटरी. मूळची बॅटरी केव्हाच मिटली होती. तिच्या जागी एनपी-एफ ९७० नावाची घेतली. ही सहा सेलांची, विटेचा लहान तुकडा वाटावी अशी, कॅमेऱ्याच्या पाठीवर कुबडासारखी बसते. दुकानदारानं विचारलं, "कंपनीची देऊ की चालू?" मी 'चालू' घेतली आणि ती बरी चालते. या बॅटरीची गंमत म्हणजे कॅमेरे गेले तरी ती गेली नाही. आज पोरं यूट्यूबसाठी जे एलईडीचे दिवे आणि बाहेरचे मॉनिटर घेतात, त्यांच्या पाठीला हीच खाच असते आणि हीच बॅटरी बसते. एका टेपवाल्या कॅमेऱ्यासाठी निघालेला आकार साऱ्या धंद्याची वहिवाट होऊन गेला. माझ्या कॅमेऱ्याला आज ताजी बॅटरी मिळते ती त्या पोरांच्या कृपेनं. त्यांना बिचाऱ्यांना ते माहीत नाही.

दुसऱ्या काही दागिन्यांचा काळ इतका थोडा होता की ते घालायच्या आत मोडीत निघाले. टीआरव्ही ९०० वर स्थिर फोटोही घेता येत, ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, आणि ते फ्लॉपीवर उतरवायला कॅमेऱ्याला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळत असे. म्हणजे एका हातात कॅमेरा, त्याच्या बाजूला लोंबणारा ड्राइव्ह आणि खिशात फ्लॉप्या. दीड एमबीहूनही कमी जागेत घरातली सगळी माणसं बसवायची. आत्याकडं तो होता. तिनं त्यावर आमच्या म्हशीचा फोटो काढला होता. फ्लॉपीवर 'म्हैस १' असं लेबल आहे. दोन कुठं आहे, हे घरात कुणाला सांगता येत नाही.

आता थोडं लेन्सविषयी, कारण जुन्या कॅमेऱ्याच्या माणसाला सगळ्यात मोठा मोह तिथंच होतो. या कॅमेऱ्याचा झूम बारा पटींचा. लांबचं उत्तम दिसतं, पण खोलीत चार माणसं बसली की दोनच मावतात. त्यासाठी पुढं स्क्रूसारखं फिरवून बसवायचं वाइड कन्व्हर्टर असतं. माझ्याकडच्या कन्व्हर्टरला मध्यभागी सगळं ठीक दिसतं आणि कडेला उभी असलेली माणसं जरा पोट सुटल्यासारखी दिसतात. दिवाळीला मी ते लावलं तर नातेवाईक आपोआप मध्यभागी सरकायला लागले. एकत्र कुटुंबाचा इतका सोपा उपाय मी अजून पाहिलेला नाही.

पण लेन्सच्या वेडाची खरी परमावधी व्हायची होती ती या शतकाच्या पहिल्या दशकात. लोकांना आपल्या छोट्या डीव्ही कॅमेऱ्यातून सिनेमासारखं चित्र हवं होतं, माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. बारीक सीसीडीवर ते होत नाही. मग उपाय निघाला. कॅमेऱ्यापुढं एक नळकांडं बसवायचं, नळकांड्यात घासलेली काच, आणि काचेपुढं ३५ मिलिमीटरच्या स्थिर कॅमेऱ्याची मोठी लेन्स. लेन्स चित्र काचेवर पाडणार आणि व्हिडिओ कॅमेरा त्या काचेचं शूटिंग करणार. जर्मनीतल्या पी+एस टेक्निकचं मिनी ३५ हे त्यातलं नावाजलेलं, पण ते परवडणारे थोडे. बाकीच्यांनी घरी बनवलं. काच एका जागी राहिली तर तिचा खरखरीतपणा चित्रात उतरतो, म्हणून ती हलती ठेवायची. कुणी ती थरथरवली, कुणी सँडपेपरनं सीडी घासून धुरकट केली आणि बारक्या मोटरवर फिरवत ठेवली. या सगळ्यात उजेड अर्धाअधिक गिळला जायचा, आणि वर चित्र उलटं दिसायचं. डोकं खाली, पाय वर. म्हणून मग मॉनिटरही उलटा टांगायचा. जगभर शेकडो हुशार माणसं अंधाऱ्या खोल्यांत गरगरणाऱ्या सीडीसमोर उलट्या टांगलेल्या पडद्यावर आपल्या नायिकेचा चेहरा सरळ बघत होती. २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू हा फोटोचा कॅमेरा व्हिडिओही घ्यायला लागला आणि तो सारा सरंजाम अडगळीत गेला. मला त्या माणसांविषयी फार माया वाटते. इतकी धडपड करून त्यांना शेवटी काय हवं होतं, तर मागची भिंत जरा पुसट.

त्याच सुमारास काही शहाणी माणसं या नळकांड्याच्या भानगडीत न पडताही मोठं काम करून गेली. डॅनी बॉइलनं '२८ डेज लेटर' या २००२ च्या चित्रपटातलं सुनं लंडन कॅननच्या एक्सएल१ या मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर घेतलं. भल्या पहाटे रस्ता थोडाच वेळ रिकामा मिळायचा आणि अशा वेळी चटकन मांडता येणारे छोटे कॅमेरे कामाला आले. डेव्हिड लिंचनं २००६ चा 'इनलँड एम्पायर' सोनीच्या पीडी१५० वर घेतला. तो पीडी१५० म्हणजे पुढं आपल्याकडच्या शूटिंगवाल्यांच्या हातात आला तो पीडी वनसेव्हन्टी, त्याचाच थोरला भाऊ. आणि फार लांब कशाला जा, आपलं मालेगाव आहे. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तिथं 'मालेगाव के शोले' काढला तो साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. ट्रॉलीला सायकल आणि क्रेनला बैलगाडी. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. जुन्या कॅमेऱ्याला काय काय जोडता येतं याचा विचार करताना बैलगाडीपर्यंत माझी कल्पना कधी पोहोचली नसती. कुठल्याही कॅटलॉगमध्ये तिच्या तोडीची वस्तू नाही, आणि तिला चार्जरही लागत नाही.

दागिने वरून कितीही घाला, आतला जीव हेडात असतो. हे मला शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं. टेबलावर चिमटे, कापसाऐवजी हरणाच्या कातड्याची काडी, बाटलीत आयसोप्रोपाइल अल्कोहोल. त्यांनी झाकण उघडलं, आत दिवा धरला आणि दंडगोलाकडं बघत म्हणाले, "काडी आडवी फिरवायची, उभी नाही. उभी फिरवली की हेड मोडलं. मग वरनं काय बी लावा, कॅमेरा गेला म्हणून समजायचं." मी विचारलं, "अजून किती चालेल?" त्यांनी कॅमेरा कानाशी नेला, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "चालतंय तवर चालतंय की." मोठमोठ्या रुग्णालयांतून याहून नेमकं उत्तर मी ऐकलेलं नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, पावसाळ्यात जपा. हवेतला दमटपणा दंडगोलावर बसला की टेप त्याला चिकटते, म्हणून कॅमेऱ्यातच राखणदार ठेवलेला असतो. ओल जाणवली की पडद्यावर 'सी:२१' उमटतं आणि मग कॅमेरा काही ऐकत नाही. कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून, तास-दीड तास त्याच्या मनधरणीला बसायचं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हा रुसवा ठरलेला. एरवी पंचगंगेला पूर आलाय हे वर्तमानपत्रातून कळतं, आमच्याकडं ते कॅमेरा आधी सांगतो. त्याच्यासाठी आता एक हवाबंद डबा आहे, डब्यात सिलिका जेल आणि आत ओल मोजायचं लहानसं काट्याचं घड्याळ. पावसाळ्यात आमच्या घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. पापडाचा डबा तिथं ठेवायची सूचना आली होती, ती मी फेटाळली.

युरोपातल्या याच पिढीच्या कॅमेऱ्यांची एक वेगळीच व्यथा होती, तीही सांगून टाकतो. वायरीतून चित्र बाहेर द्यायचं आणि आतही घ्यायचं, दोन्ही त्यांना येत होतं. पण आत घेणारा कॅमेरा तिकडच्या जकातीच्या हिशेबात व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचा आणि त्याला जास्त कर. म्हणून कंपन्या आत घेण्याची वाट बंद करूनच माल विकायच्या. मग बाजारात एक चिमुकलं यंत्र आलं. ते कॅमेऱ्याच्या रिमोटच्या खोबणीत खुपसलं की कॅमेऱ्याला विसरलेली विद्या पुन्हा आठवायची. कॅमेरा होता तोच, फक्त परवानगी मिळाली. सुधारणेचं याहून स्वस्त उदाहरण मला ठाऊक नाही.

तर आता वायरीकडं येऊ. या कॅमेऱ्यातून चित्र कॉम्प्युटरवर आणायची वाट फायरवायरची. सोनी तिलाच आयलिंक म्हणायची. १९९९ मध्ये ॲपलनं आयमॅक डीव्ही काढला, त्यात हे भोक आणि आयमूव्ही दोन्ही दिलं, आणि घरबसल्या एडिटिंग करायची स्वप्नं जगाला पडायला लागली. आज ते भोक कुठल्याही नव्या कॉम्प्युटरला नाही. म्हणून मी जे जमवलंय ते असं. कॅमेऱ्याला चार पिनांची बारीक पिन, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नऊ पिनांची, ती एका अडॅप्टरमध्ये, ते दुसऱ्या अडॅप्टरमध्ये, आणि ते कॉम्प्युटरच्या त्या लंबगोल तोंडात. मध्ये कुठंही हात लागला तर सगळे एकदम अनोळखी होतात. नीट जुळलं की मात्र पडद्यावर 'डीव्ही कॅमेरा' असं नाव येतं, आणि मला विमानतळावर आपलं माणूस दिसल्यासारखं होतं.

पुढचं काम संथ. टेपवरचं चित्र उतरवायला घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटांतच उतरते. तासाला साधारण १३ जीबी. दंडगोल फिरत असतो, आकडे पुढं जात असतात आणि आपल्याला समोर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून मी आत्याला बोलावून घेतलं. ती निवृत्त होऊन आता गडहिंग्लजला राहते. आली ती बरोबर भाजणी घेऊन. खुर्ची ओढून बसली आणि पडद्यावर १९९९ चं अंगण सुरू झालं.

अंगणात ती कुठंच नव्हती. पण आवाज सगळा तिचाच. कॅमेऱ्याचा माइक शूटिंग करणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर लांब असतो. त्यामुळं समोरचं जग कुजबुजतं आणि मागचा माणूस गर्जतो. "वहिनी, पदर. पदर घ्या डोक्यावरनं." "बंड्या, नाकातलं बोट काढ, हे मस्कतला दाखवायचंय." लग्नात भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं की ती ओरडायची, "बोलू नका रे कुणी, आवाज येतो ह्याच्यात!" आणि मंगलाष्टकाऐवजी तेवढंच टेपवर यायचं. आमच्या आजोबांनी पंचाहत्तरीला भाषण केलं होतं. आयुष्यातलं त्यांचं एकमेव. टेपवर आजोबांचे ओठ हलताना दिसतात, हात उंचावलेला दिसतो, लोक हसतात, आणि त्यावर आत्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो, "अण्णा काय बोलायलेत, काही म्हणजे काही ऐकू येईना."

तिच्या आवाजाखाली सतत एक घरघर आहे. ती दंडगोलाची. टेपवाल्या कॅमेऱ्याचा माइक स्वतःच्या पोटातला आवाजही टिपतो. म्हणून जाणकार सांगतात, जुन्या कॅमेऱ्यावर एकच गोष्ट घ्यायची असेल तर बाहेरचा माइक घ्या. मलाही ते पटतं. चित्र थोडं मऊ असलं तर डोळा चालवून घेतो, आवाज खराब असला तर माणूस उठून जातो. त्याप्रमाणं मी माइक घेतला. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसणारा अडॅप्टर, त्यात जाड तीन पिनांची वायर, वर लांबोळका माइक, त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपडं. हा माइक समोरचंच ऐकतो, मागचं गाळून टाकतो. मोटरची घरघर गेली. मी मोठ्या उत्साहानं कॅमेरा आत्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता घे बरं. समोरच्याचं कुजबुजणंसुद्धा येईल. तुझा आवाज मात्र येणार नाही."

तिनं कॅमेरा फिरवून पाहिला. टोपड्यावरनं हात फिरवला.

"मग मी कशाला धरू?" ती म्हणाली.

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि बाजारात तसा अडॅप्टरही मिळत नाही. तिला माझं बोलणं लागलं नव्हतं. ती भाजणी मळायला उठून गेली. मी पुढची कॅसेट लावली.

त्या कॅसेटवर एक तुकडा आहे. कॅमेरा बंद करायचा राहिला असावा आणि तो कट्ट्यावर आडवा ठेवला असावा. चित्रात स्वयंपाकघराची फरशी दिसते, ती आडवी, आणि एका कोपऱ्यात जात्याची खुंटी. फरशीवरनं दोन पाय येतात-जातात. पायांत मस्कतहून आणलेल्या निळ्या सपाता, म्हणजे आत्याच. आईशी बोलते आहे. पोळ्यांबद्दल, गॅसबद्दल, कुणाच्या तरी स्थळाबद्दल. मग सपाता थांबतात आणि ती म्हणते, "परवा विमान आहे म्हटलं की पोटात गोळा येतोय बघ, वहिनी." आई काही बोलते, ते ऐकू येत नाही. घरघर चालू राहते. सपाता पुन्हा हलायला लागतात. आत्या वर्षानुवर्षं मस्कतला जात-येत होती आणि हे वाक्य आम्हा मुलांसमोर तिनं कधीच उच्चारलं नव्हतं. इतक्या टेपांत मिळून ती दिसते ती एवढीच, घोट्यापर्यंत.

आजकाल आवाज साफ करायची सॉफ्टवेअरं मिळतात. घरघरीचा नमुना दाखवला की तेवढी वगळून देतात. मी त्या तुकड्यावर ते करून पाहिलं. घरघर खरंच गेली, पण तिच्याबरोबर आत्याच्या आवाजातलाही काहीतरी भाग गेला. ती पाण्याखालून बोलते आहे असं वाटायला लागलं. दोघींचे सूर कुठंतरी एकमेकांत मिसळलेले असावेत. मी मूळचं तसंच ठेवलं. माइकचं म्हणाल तर तो वाया गेला नाही. मुलगी तिच्या फोनला लावून वापरते आणि चांगला आहे म्हणते. या घरातल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तिनं केलेलं हे पहिलंच कौतुक.

तुमच्याही कपाटात अशा कॅसेटी असतील. मिनीडीव्ही, हाय-एट, नाहीतर व्हीएचएस. टेपवर चालणारे नवे कॅमेरे आता कुणी बनवत नाही आणि जुन्यांची हेडं दर तासागणिक झिजत आहेत, म्हणून जमेल तेवढ्या लवकर उतरवून घ्या. घरी जमत नसेल तर गावातल्या एखाद्या शूटिंगवाल्याकडं द्या. त्याच्याकडं चालू यंत्र असण्याची शक्यता अजून आहे. कॅसेट एलपीवरची असेल तर ज्या कॅमेऱ्यानं घेतली तोच शोधून काढा आणि बरोबर न्या. शूटिंगवाला तुम्हाला विचारेल, "मागं एखादं गाणं टाकून देऊ का? मूळ आवाजात नुसता गोंधळ आहे." त्याला नको म्हणून सांगा.